साप चिलीम ओढतो तेव्हा: ब्राझीलच्या सैनिकांसोबत वॉरगेम कसा खेळायचा

दुसऱ्या महायुद्धाचा वॉरगेम, म्हणजे सैनिकांच्या छोट्या मूर्ती (फिगर्स) टेबलावर मांडून फाशांनी खेळायची लढाई, खेळणाऱ्या कुणालाही विचारा की तुझ्याकडे कुठली आर्मी आहे, तर अमेरिकन, जर्मन, ब्रिटिश, रशियन, फार तर जपानी असं उत्तर येतं, ब्राझील कुणाच्याच तोंडून येत नाही. आणि तरी १९४४-४५ मध्ये ब्राझीलचे २५ हजारांवर सैनिक इटलीच्या डोंगरात बर्फात आणि चिखलात उभे राहून जर्मनांशी लढत होते, दक्षिण अमेरिकेतून युरोपात जमिनीवर लढायला आलेला हा एकमेव देश. मी गेली काही वर्षं ही आर्मी खेळतोय आणि मला मनापासून वाटतं की अजून लोकांनी ती खेळावी, म्हणून सगळं एका जागी लिहून काढतोय, फिगर्स कुठल्या घ्यायच्या, रंग काय, टेबल कसं बनवायचं, कुठली लढाई आधी खेळायची, सगळं.

पण आधी थोडा इतिहास, कारण तो माहीत नसेल तर तुमचे ब्राझिलियन म्हणजे खांद्यावर वेगळा बिल्ला लावलेले अमेरिकन एवढंच होतं, आणि मग ही आर्मी घेण्यात काही अर्थच नाही.

ब्राझील सुरुवातीला युद्धाबाहेरच होता. ऑगस्ट १९४२ मध्ये यू-५०७ या जर्मन पाणबुडीने त्यांच्या किनाऱ्याजवळ दोन-चार दिवसांत एकामागून एक जहाजं बुडवली, सहाशेच्या आसपास माणसं गेली, लोक रस्त्यावर आले आणि २२ ऑगस्टला ब्राझीलने जर्मनी-इटलीविरुद्ध युद्ध पुकारलं. पण सैन्य पाठवायला पुढे जवळजवळ दोन वर्षं लागली. तेव्हा लोक म्हणायचे की साप चिलीम ओढेल पण ब्राझील काही युद्धावर जाणार नाही. मग जुलै १९४४ मध्ये पहिली तुकडी नेपल्सला उतरली, आणि सैनिकांनी तेच वाक्य उचलून आपल्या खांद्यावर लावलं, चिलीम ओढणारा हिरवा साप. पोर्तुगीजमध्ये 'आ कोब्रा व्हाय फुमार', म्हणजे आता साप धूर काढणार. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पोर्तुगीजमध्ये कोब्रा म्हणजे नुसता साप, कुठलाही. आपण कोब्रा ऐकलं की डोळ्यासमोर नाग येतो, पण त्या बिल्ल्यावरच्या सापाला फणा नाही, तेव्हा रंगवताना फणा काढू नका. पगार, चावी, बटाटा हे शब्द ज्या भाषेने आपल्याला दिले त्याच भाषेत ही माणसं खंदकात एकमेकांना हाका मारत होती, आणि त्यांचे जनरल होते मास्कारेन्यास दि मोराइस, हे आडनाव गोव्यात तर घरोघरी ओळखीचं आहे.

सैन्य म्हणजे एक पूर्ण इन्फंट्री डिव्हिजन, तीन रेजिमेंट, पहिली, सहावी आणि अकरावी, अमेरिकेच्या फिफ्थ आर्मीच्या चौथ्या कोअरखाली. ब्राझीलचे लोक या सैनिकांना प्रेमाने 'प्रासिन्या' म्हणतात. यात काळे, गोरे, मिश्र, सगळे एकाच पलटणीत होते, आणि शेजारीच अमेरिकेची ९२ वी डिव्हिजन होती जिच्यात काळ्या सैनिकांना वेगळं ठेवलं होतं. फिगर्सचे चेहरे रंगवताना हे विसरू नका, एकाच सेक्शनमध्ये, म्हणजे पलटणीतल्या छोट्या तुकडीत, तीन-चार वेगळे स्किन टोन हवेतच, तो या सैन्याचा खरा चेहरा आहे.

मग हे लोक विसरले का गेले? एक तर इटलीची आघाडीच मागे पडली, ४ जून १९४४ ला रोम पडलं आणि दोनच दिवसांनी नॉर्मंडी, त्यानंतर सगळ्यांचं लक्ष फ्रान्सकडे. दुसरं म्हणजे घरी ब्राझीलमध्ये तेव्हा गेतुलियो वार्गास हुकूमशहा होता, आणि हुकूमशाहीविरुद्ध लढून परत आलेले हजारो सैनिक कुठल्या हुकूमशहाला आवडतील, त्यामुळे ही फोर्स घाईघाईने मोडून टाकली. आणि पुढे १९६४ च्या लष्करी उठावानंतर जे राष्ट्राध्यक्ष झाले ते कास्तेलो ब्रांको याच फोर्सचे ऑपरेशन्स ऑफिसर होते, त्यामुळे नंतरच्या पिढ्यांच्या मनात या सैन्याची आठवण आणि लष्करी राजवट यांची सरमिसळ झाली. साध्या सैनिकावर हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

बरं, आता फिगर्स. चांगली गोष्ट ही की सगळं सामान अमेरिकन होतं, तेव्हा अमेरिकन इन्फंट्रीच्या फिगर्स चालतात, २८ एमएम उंचीच्या घ्या, १५ एमएम घ्या किंवा सगळ्यात स्वस्त ते १/७२ चे, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढे, प्लास्टिकचे. नवीन असाल तर १/७२ च घ्या, एका बॉक्समध्ये जवळजवळ पलटण निघते. हेल्मेट अमेरिकन, गेटर्स अमेरिकन, पण रायफल बघून घ्या, ब्राझिलियन लोकांकडे बहुतेक स्प्रिंगफील्ड बोल्ट अ‍ॅक्शन होत्या, म्हणजे दर गोळीनंतर हाताने खटका ओढायच्या, आपोआप पुढची गोळी भरणाऱ्या गॅरंड कमी. हा फक्त दिसण्याचा मुद्दा नाही, बऱ्याच रूलसेटमध्ये अमेरिकनांना गॅरंडमुळे जो फायरिंगचा बोनस मिळतो तो ब्राझिलियन सेक्शनला देऊ नका. प्रत्येक सेक्शनला एक बार म्हणजे ती ऑटोमॅटिक रायफल, सार्जंटला थॉम्पसन, पलटणीला बझूका आणि ६० एमएम मॉर्टर, मागे ८१ एमएम मॉर्टर आणि १०५ एमएम तोफा. गाड्यांमध्ये जीप आणि रेकी म्हणजे टेहळणी स्क्वाड्रनच्या एम-८ ग्रेहाउंड आर्मर्ड कार. स्वतःचे रणगाडे त्यांच्याकडे नव्हतेच, लागले तर अमेरिकन शर्मन मदतीला यायचे, तेव्हा तुमच्या लिस्टमध्ये ब्राझिलियन शर्मन असेल तर काढून टाका.

रंग. ब्राझीलहून आणलेला युनिफॉर्म पातळ कापडाचा आणि करडेपणाकडे झुकणारा हिरवा होता, जर्मन गणवेशाच्या करड्या-हिरव्या रंगाच्या, फेल्डग्राऊच्या, इतका जवळचा की नेपल्सला उतरले तेव्हा लोकांना वाटलं हे जर्मन कैदीच चाललेत. म्हणून पँटला ऑलिव्ह ग्रीनमध्ये थोडा ग्रे मिसळून बेस द्या, आणि वर काहींना तोच हिरवा शर्ट तर काहींना अमेरिकन फील्ड जॅकेट, ते फिकट खाकी. हिवाळ्यात अमेरिकनांनी गरम कपडे दिले त्यामुळे एकाच सेक्शनमध्ये अशी मिसळ दिसते आणि तीच या आर्मीची ओळख, सगळे एकसारखे रंगवलेत तर मजा जाते. इम्पोर्टेड पेंट परवडत नसतील तर साधे अ‍ॅक्रिलिक चालतात, फक्त पातळ करून दोन हात द्या, एका जाड हातात चेहऱ्याचे डिटेल बुजतात.

बिल्ला डाव्या दंडावर. २८ एमएमला मी असा करतो: आधी छोटी लाल ढाल, ती पूर्ण वाळली की आत पिवळं, कडेला लाल रेघ शिल्लक राहील एवढंच, वरच्या टोकाला निळी पट्टी. मग टूथपिकचं टोक ब्लेडने तासून घ्यायचं, हिरव्या रंगात अगदी टेकवायचं आणि पिवळ्यावर इंग्रजी एस सारखं एक वळण. श्वास रोखून. शेवटी तोंडाजवळ पांढरा एक ठिपका, तो धूर. पहिल्या दहा फिगर्सचे बिघडतील, पुसून परत करा, अकराव्यापासून हात बसतो. आणि हो, हा बिल्ला सुरुवातीपासून नव्हता, आधी हिरव्यावर पांढऱ्या अक्षरात नुसतं 'ब्राझिल' लिहिलेला होता, म्हणून १९४४ चा शरद ऋतू खेळणार असाल तर तो लावा आणि साप १९४५ साठी ठेवा.

टेबल. अपेनाइन्स, म्हणजे ही लढाई झाली ती इटलीची डोंगररांग, म्हणजे सपाट टेबलावर दोन टेकड्या असं नाही, पूर्ण टेबलच चढ पाहिजे. आपल्याकडच्या माणसाला हे शिकवायला लागू नये, लहानपणी दिवाळीत विटा रचून त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकून किल्ला केलाय ना, तेच तंत्र. विटांच्या जागी थर्माकोलचे चार थर, गोणपाटाच्या जागी फेविकॉलच्या पाण्यात भिजवलेलं वर्तमानपत्र, वरून लाकडाचा भुसा आणि बारीक माती. आपण जो डोंगर खेळणार आहोत तो मॉन्टे कास्तेलो ९७७ मीटरचा आहे, खूप उंच नाही, पण खालून चढणाऱ्याला आडोसा फार कमी, आणि वर बसलेल्याला खालची प्रत्येक हालचाल दिसते. म्हणून झाडं मोजकीच लावा, खालच्या भागात दगडी घरं दोन-तीन, मधे एक-दोन ओहोळ, वर जर्मन खंदक आणि बंकर. ओहोळ नक्की ठेवा, सगळा गेम तिथेच घडतो.

आता मुख्य गोष्ट, मॉन्टे कास्तेलो. माझं ठाम म्हणणं आहे की ब्राझील खेळायचं तर हीच लढाई खेळायची, आणि एक गेम म्हणून नाही तर पाठोपाठ चार गेमची कॅम्पेन म्हणून, कारण खरी लढाईही तशीच झाली. नोव्हेंबर १९४४ च्या शेवटी आधी २४-२५ ला, मग २९ ला, आणि मग १२ डिसेंबरला हल्ले झाले, सगळे फसले. डोंगर हाती आला तो २१ फेब्रुवारी १९४५ ला. खूप लोक हे वाचून म्हणतात की आधी नवखे होते, नंतर शिकले म्हणून जिंकले. हे अर्धंच खरं आहे. नवखे होतेच, पहिली आणि अकरावी रेजिमेंट ऑक्टोबरमध्ये येऊन धड ट्रेनिंग न होता आघाडीवर ढकलली गेली. पण खरं कारण डाव्या हाताला होतं. कास्तेलोच्या पश्चिमेला त्याच्याहून उंच मॉन्टे बेल्वेडेरे, आणि तो जर्मनांच्या ताब्यात असेपर्यंत कास्तेलोवर चढणाऱ्या प्रत्येक माणसावर बाजूने गोळीबार होणारच. नोव्हेंबरमध्ये अमेरिकनांनी बेल्वेडेरे घेतला होता पण २९ च्या हल्ल्याच्या आदल्या रात्री तो परत जर्मनांकडे गेला, आणि सकाळी ब्राझिलियन लोक उघड्या कुशीने चढले. फेब्रुवारीत मात्र अमेरिकेच्या १० व्या माउंटन डिव्हिजनने आधी बेल्वेडेरे जिंकला आणि मग ब्राझिलियन चढले. गेममध्ये हे दिसलं नाही तर सगळं फुकट.

म्हणून पहिला गेम, २९ नोव्हेंबर. ब्राझीलकडे दोन पलटणी, सगळ्यात खालचं ट्रेनिंग रेटिंग द्या, पण मोराल म्हणजे धीराचं रेटिंग मधलं, कारण ही माणसं पळाली नाहीत, अडकली. जर्मन २३२ वी इन्फंट्री डिव्हिजन, यात वयस्कर आणि दुखण्यातून उठलेले बरेच होते, तेव्हा त्यांनाही एलिट करू नका, मधलं रेटिंग, माणसं कमी पण मशीनगन आणि मॉर्टर भरपूर आणि सगळे खंदकात. आता बेल्वेडेरेचा नियम: टेबलाच्या डाव्या अर्ध्यात असलेल्या कुठल्याही ब्राझिलियन युनिटसाठी दर टर्नला जर्मन खेळाडूने एक फासा टाकायचा, ४ किंवा वर पडलं तर टेबलाबाहेरून एक मशीनगनचा मारा, त्याला उलट उत्तर देता येत नाही. जर्मनांच्या एमजी-४२ ला ब्राझिलियन सैनिक 'लुर्दिन्या' म्हणायचे, बाईचं नाव. माझ्या घरच्या नियमात लुर्दिन्याचा मारा झाला की कुणी मेलं नाही तरी युनिटला एक पिन, म्हणजे गोळीबाराखाली दबल्याची खूण, जास्त मिळतो.

दुसरा गेम, १२ डिसेंबर. तेच टेबल, पण पाऊस, धुकं आणि चिखल. दर टर्नच्या सुरुवातीला फासा टाकून किती इंचापर्यंत दिसतं ते ठरवा, सहाने गुणा, म्हणजे १ पडला तर सहाच इंच. विमानं नाहीत, पळायला बंदी, एखादा शर्मन असलाच तर तो रस्ता सोडणार नाही. हे वाचून धुकं हल्लेखोराच्या फायद्याचं वाटतं, तसं पहिले दोन-तीन टर्न वाटतंही, आणि मग अर्ध्या चढावर असताना ६ पडतो आणि पडदा उघडतो.

आमच्याकडे हा गेम झाला तेव्हा ब्राझील माझ्या मावसभावाकडे होतं. तो पठ्ठ्या एरवी टेबलवर सतत बोलत असतो. चौथ्या टर्नला धुकं उठलं, त्याची पुढची पलटण ओहोळात अडकली, वर जायचं तर लुर्दिन्या आणि मागे यायचं तर मॉर्टर, आणि सलग चार टर्न तो फक्त पिन काढायला फासे टाकत राहिला, एक माणूस पुढे नाही की मागे नाही. शेवटी म्हणाला, हे लोक दिवसभर इथे पडून होते का रे. मी म्हटलं हो. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही, चहा गार झाला.

या गेममध्ये एक गोष्ट मी आवर्जून करतो आणि तुम्हीही करा. पडलेल्या फिगर्स डब्यात टाकू नका, जिथे पडल्या तिथे टेबलाच्या नकाशावर पेन्सिलने खूण करा. १२ डिसेंबरच्या हल्ल्यातले काहीजण अबेटाया गावाजवळ जिथे पडले तिथेच हिवाळाभर बर्फाखाली राहिले, त्यांच्यापर्यंत पोचताच येत नव्हतं, आणि डोंगर जिंकल्यावर फेब्रुवारीत सतरा जणांचे मृतदेह सापडले. चौथ्या गेमच्या आधी त्या पेन्सिलच्या खुणांवर छोटी पांढरी मार्कर्स ठेवा. त्यांना कुठलाही नियम लावू नका, पॉइंट्स नकोत. नुसती राहू द्या.

तिसरा म्हणजे खरं तर छोटे छोटे गेम, हिवाळ्यातली गस्त. दोन महिने आघाडी जागेवर, बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघितलेला, आणि तरी पाय कुजण्याचा त्रास त्यांनी कमी ठेवला, गमबुटासारख्या ओव्हरशूजमध्ये गवत नाहीतर कागद कोंबून, ही अक्कल कुठल्या मॅन्युअलमध्ये नव्हती. जर्मन त्यांच्यावर पोर्तुगीजमधून पत्रकं टाकायचे की घरी जा. आठ-दहा फिगर्स, अर्ध टेबल, रात्र, आणि उद्देश एकच, एक कैदी पकडून परत यायचं. ब्राझीलने जिंकलेल्या प्रत्येक गस्तीमागे चौथ्या गेममध्ये एका जर्मन बंकरची जागा आधीच उघड करा. नवीन खेळाडूला बसवायचं तर या गस्तीपासून, तासाभरात संपतं.

चौथा, २१ फेब्रुवारी. हल्ला पहाटे साडेपाचला सुरू झाला आणि संध्याकाळपर्यंत माथा हातात आला, मुख्य जबाबदारी पहिल्या रेजिमेंटची. आता रेटिंग एक पायरी वर, बेल्वेडेरेचा मारा बंद, तोफांचा भरपूर सपोर्ट आणि एकदा विमानाचा हल्ला. विमान पी-४७ थंडरबोल्ट, आणि तेही ब्राझीलचंच, त्यांचं पहिलं फायटर ग्रुप नेरो मोउरा यांच्या हाताखाली अमेरिकन ३५० व्या फायटर ग्रुपसोबत उडत होतं, नाकाजवळ शहामृगाचं चित्र आणि 'सेंटा आ पुआ' हे घोषवाक्य. मॉडेल केलंत तर शहामृग नक्की काढा. टर्नची मर्यादा आठ. सोपं होईल असं वाटेल, होत नाही, चढ तोच आहे.

यानंतर मोन्तेसे, १४ एप्रिल १९४५ पासून. ही ब्राझीलची सगळ्यात रक्तरंजित लढाई, मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून ४०० च्या वर. इथे गाव आहे, गल्ल्या आहेत, सुरुंग आहेत, आणि गाव घेतल्यावर जर्मन तोफांनी ते भाजून काढलं, त्यामुळे अर्धा गेम घेण्याचा आणि अर्धा टिकवण्याचा ठेवा. आता यांना अनुभवी रेटिंग द्या, कमावलंय त्यांनी. दोन दिवस आधी, १२ एप्रिलला, अकराव्या रेजिमेंटचे सार्जंट माक्स वोल्फ याच भागात गस्तीवर असताना मारले गेले, गस्तीच्या गेमसाठी एखादा खास लीडर हवा असेल तर हाच.

शेवटी कोलेक्किओ आणि फोर्नोवो, २६ ते २९ एप्रिल. मास्कारेन्यासनी तोफखान्याचे ट्रक काढून त्यात इन्फंट्री भरली आणि पळणाऱ्या जर्मन १४८ व्या डिव्हिजनचा रस्ता अडवला, आणि तिच्यासकट जवळजवळ १५ हजार लोक शरण आले. एक पाद्री निरोप घेऊन जर्मनांकडे गेला होता. हा गेम मारामारीपेक्षा रस्ते अडवण्याचा आहे, मोठा नकाशा आणि ब्लाइंड मार्कर्सवर, म्हणजे कुठली तुकडी आहे ते न दाखवणाऱ्या खुणांवर, खेळा, फिगर्स फक्त गाठ पडली की मांडा. जर्मन खेळाडूला गुपचूप तीन गोष्टी मोजायला लावा, दारूगोळा, पेट्रोल आणि जखमी, कधी शरण यायचं ते त्याने ठरवायचं.

आणि अजून एक टेबल, हे आपल्यासाठी. कास्तेलोच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबर १९४४ मध्ये, सहाव्या रेजिमेंटने आधी कामायोरे घेतलं, मग ती सेर्किओ नदीच्या खोऱ्यात लढत बार्गापर्यंत गेली. नंतर तिथे ९२ वी डिव्हिजन आली आणि २६ डिसेंबरला जर्मन-इटालियन हल्ल्याने तिला मागे रेटलं, तेव्हा खोरं सावरायला धावून आली ती ८ वी इंडियन डिव्हिजन, तिच्या १९ व्या ब्रिगेडने बार्गा परत घेतलं. याच डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती, जिच्या नामदेव जाधवांना पुढे ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे एकच खोरं, ऑक्टोबरमध्ये ब्राझिलियन आणि डिसेंबरमध्ये भारतीय. एकदा टेबल बनवलंत की दोन्ही खेळा, आधी पिवळी पानं टाकून सहावी रेजिमेंट चढवा, मग ती झाडून वर थोडा मैदा किंवा बेकिंग सोडा भुरभुरवा आणि खाकी बॅटलड्रेसमधली भारतीय पलटण त्याच दगडी घरांकडे निघू द्या. घरं हलवू नका, आणि पहिल्या गेममध्ये जी भिंत पडली असेल ती पडलेलीच ठेवा.